टमी टकसाठी तुर्कस्तानला जावं का? अनुभव आणि सल्ला हवा आहे

रेवती_लेस्टर

नमस्कार. मी 38 वर्षांची, इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. टमी टक, म्हणजे पोटाची लोंबती कातडी काढून स्नायू आवळायचं ऑपरेशन, करून घ्यायचा विचार आहे. दोन्ही मुलं सिझेरियनची. धाकटा आता शाळेत जायला लागला, तरी पोटाचे मधले स्नायू फाकलेलेच आहेत आणि टाक्यांच्या वर कातडीची घडी लोंबते. वजन उतरवलं, व्यायाम केले, ती घडी जात नाही. गणपतीला साडी नेसले तर एका काकूंनी सगळ्यांसमोर "काही गोड बातमी आहे का?" असं विचारलं. घरी येऊन रडले.

इथल्या खासगी सर्जनचा खर्च आम्हाला झेपणार नाही. इस्तंबूलच्या एका एजन्सीनं निम्म्याहून कमी पैशांत सगळं देऊ केलंय: ऑपरेशन, हॉटेल, विमानतळावरून ने-आण, दुभाषी. पॅकेज सात रात्रींचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले आणि तासाभरात "तुमचं होऊ शकतं" असं उत्तर आलं. त्याच वेळी लायपो करून, म्हणजे चरबी शोषून काढून, ती चरबी नितंबांत भरून घेतली तर सवलत. अनामत शुक्रवारपर्यंत भरायची आहे.

कुणी केलंय का? "आहेस तशीच छान आहेस" असं कृपया लिहू नका. ते खूप ऐकून झालंय.

पक्या_फ्रँकफर्ट

मी टमी टक नाही, केस लावून घेतले, इस्तंबूललाच. केस चांगले आले आणि मी समाधानी आहे, हे आधी सांगतो, कारण तिकडे सगळे फसवतातच असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिथे फार कुशल सर्जन आहेत.

पण जे पाहिलं तेही सांगतो. पैसे भरेपर्यंत मी एकाही डॉक्टरशी बोललो नव्हतो, सगळं बोलणं विक्री करणाऱ्या मुलीशी. डॉक्टर सकाळी आले, कपाळावर पेनाने रेघ आखली आणि गेले. पुढचं काढणं-लावणं सगळं तंत्रज्ञांनी केलं. माझं ऑपरेशन जागा बधिर करून झालं, संध्याकाळी मी चालत जेवायला गेलो. तुमचं पूर्ण भूल देऊन होणार आहे. त्यामुळे माझ्या अनुभवावरून तुम्ही धीर घेऊ नका. सर्जन कोण, हे आधी नावानिशी कळलंच पाहिजे.

मिरजेची_सिस्टर

रेवती, मी मूळची मिरजेची, इथे मिडलँड्समध्ये सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. तुमची इच्छा मला अगदी कळते. फाकलेल्या स्नायूंमुळे कंबर दुखते, वजन उचलता येत नाही, हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. तेव्हा करू नका असं मी म्हणणार नाही. मला एकच विचारायचंय: ऑपरेशन झाल्यावर पंधराव्या दिवशी तुमची जखम कोण बघणार आहे?

टमी टकमध्ये कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चीर असते. वरची कातडी स्नायूंपासून सुटी करून खाली ओढून शिवतात. चिरेच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा सगळ्यात कमी, म्हणून जखम उघडते ती बहुतेक तिथेच, आणि पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात. जखमेतलं पाणी बाहेर काढायला घातलेल्या ड्रेनच्या नळ्या काढल्यावर आत पाणी साठतं, ते सुईने काढावं लागतं, कधी कधी पुन्हा पुन्हा. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जायचा धोका तर कित्येक आठवडे राहतो. म्हणजे ज्या दिवसांत सर्जन जवळ हवा, नेमके ते दिवस तुमचे लेस्टरमध्ये जाणार.

सात रात्रींचं गणितही तपासा. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर साधारण 10 दिवस विमानप्रवास करू नये, असं अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते. त्या सात रात्रींत पोचल्याची आणि तपासण्यांची रात्रही धरली, तर ऑपरेशननंतर पाच दिवसांत तुम्ही चार तास सीटवर पाय मुडपून बसणार. हे वेळापत्रक हॉटेलच्या बुकिंगवरून ठरलंय, तुमच्या जखमेवरून नाही.

आमच्या वॉर्डात अशी एक बाई आली होती. कुठल्या देशातून ते लिहीत नाही. पोटाची जखम चार बोटं उघडलेली, ताप, आणि हातात एकही कागद नाही. काय केलं, कुठले टाके, कुठलं औषध, काहीच माहीत नाही. एजन्सीचा नंबर लागत होता, पण उत्तर यायचं "फोटो पाठवा". आमच्या डॉक्टरांना सगळं अंदाजाने सुरू करावं लागलं. तिची मुलं रोज संध्याकाळी भेटायला यायची, धाकटीला आईच्या कुशीत शिरायचं असायचं आणि आम्हाला तिला लांब धरावं लागायचं. जिवावर बेतलं तर एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, बघतेच, त्याची भीती नको. पण डाग वाकडा आला, बेंबी एका बाजूला गेली, तर ती दुरुस्ती एनएचएस करत नाही. आणि दुसऱ्याने केलेलं ऑपरेशन निस्तरायला इथले खासगी सर्जन सहसा तयार होत नाहीत. झाले तरी त्या बिलात तुमची सगळी बचत जाईल. नेहमीच्या प्रवास विम्यात ठरवून केलेल्या ऑपरेशनचे परिणाम बहुधा धरतच नाहीत, पॉलिसी उघडून वाचा.

आता ती सवलत. नितंबांत चरबी भरणं, ज्याला बीबीएल म्हणतात, ते कृपा करून यादीतून काढाच. तिथे मोठ्या शिरा असतात. चरबी स्नायूच्या आत गेली आणि शिरेत शिरली, तर ती थेट हृदयात आणि फुफ्फुसात पोचते आणि माणूस टेबलावरच जाऊ शकतो. 2017 मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या पाहणीत साधारण 3000 मागे एक मृत्यू असा अंदाज निघाला. सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनला हा आकडा फार मोठा आहे. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या बाप्स या सौंदर्य शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेनं आपल्या सर्जनांना हे करू नका असं सांगितलं होतं. शिवाय तिन्ही एकत्र म्हणजे भूल लांबते, रक्त जास्त जातं, गुठळीचा धोका वाढतो. अशा ऑपरेशनला सवलत द्यायची कल्पनाच मला सहन होत नाही.

ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या तुर्कस्तानच्या पानावर मध्यंतरी लिहिलं होतं की 2019 पासून तिथे उपचारांसाठी गेलेले 25 हून अधिक ब्रिटिश नागरिक दगावले. जाणारे हजारो असतात, तेव्हा हा आकडा पाहून घाबरा असं मी म्हणत नाही. पण तुम्ही ज्या कागदावर सही करणार त्यात याचा उल्लेख आहे का, ते बघा.

तरी जायचंच ठरलं तर सर्जनशी स्वतः व्हिडिओवर बोला. तिथल्या प्लास्टिक सर्जन संघटनेच्या यादीत त्याचं नाव शोधा. परदेशी रुग्ण घ्यायला तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं अधिकारपत्र लागतं, ते मागा. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जेसीआय या संस्थेचा शिक्का दाखवतील, पण तो रुग्णालयाला असतो, सर्जनला नाही. आयसीयू त्याच इमारतीत आहे का, भूल कोण देणार, हेही विचारा. आणि शुक्रवारची मुदत विसरा. चांगल्या सर्जनला शुक्रवारची घाई नसते.

सुहास_ह्यूस्टन

सिस्टरांशी शंभर टक्के सहमत. आमच्या टेक्सासमधून लोक नदी ओलांडून मेक्सिकोत मातामोरोसला असल्या ऑपरेशनसाठी जातात. 2023 मध्ये तिथल्या दोन क्लिनिकांत पाठीच्या मणक्यातून भूल दिलेल्या रुग्णांना मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य संसर्ग झाला, कित्येक दगावले. सुरुवातीला नुसती डोकेदुखी, तीही घरी परतल्यावर. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये 2009 ते 2022 या काळात सौंदर्य शस्त्रक्रियेनंतर 93 अमेरिकन नागरिकांचे मृत्यू सीडीसीने नोंदवले, त्यात चरबी किंवा गुठळी फुफ्फुसात गेल्याचे बरेच.

आणखी एक. क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला एक जंतू अशा जखमांत सापडतो. कित्येक आठवड्यांनी लाल गाठी येतात, साध्या अँटिबायोटिकने जात नाहीत, औषध महिनोन्महिने चालतं. असं काही दिसलं तर "ऑपरेशन परदेशात झालंय" हे डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा.

अंजूमावशी_पुणे

रेवती बाळा, करायचंच असेल तर पुण्यात का नको? माहेरी सुट्टी काढून ये, महिनाभर राहा. ड्रेसिंगला रिक्षाने जाता येईल, मुलांकडे बघायला माणसं असतील. माझ्या भाचीनं असंच केलं. पण इथेही पाटी बघून जाऊ नकोस. 'कॉस्मेटिक' म्हणून पाटी लावणारे पुष्कळ आहेत. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का ते विचार. आणि आईला सांग गं. लपवून कशाला जायचं?

रेवती_लेस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. बीबीएल रद्द. एजन्सीला सर्जनचं नाव विचारलं, तर "आमची टीम ठरवेल" असं उत्तर आलं. अनामत भरणार नाही. पुण्याचा विचार करते आहे, आईशी उद्या बोलेन. एक विचारायचं राहिलं: मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. त्यांच्या फॉर्ममध्ये हे कुठेच विचारलं नव्हतं. त्यानं फरक पडतो का?

मिरजेची_सिस्टर

पडतो, आणि मोठा पडतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या गोळीने गुठळीचा धोका वाढतो, म्हणून मोठ्या ऑपरेशनआधी ती साधारण चार आठवडे थांबवतात आणि तोवर दुसरा उपाय देतात. मनाने बंद करू नका, जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला, विचारून ठरवा. घरात कुणाला पायात गुठळी झाली असेल तर तेही सांगा.

पुण्याला गेलात तरी दहा दिवसांचा नियम तोच, आणि परतीचं विमान त्याहून लांब पल्ल्याचं, तेव्हा तिकीट महिन्यानंतरचंच काढा. त्याआधी जीपीकडे जाल तेव्हा पोट तपासून घ्या. स्नायू फाकलेत तिथे कधी कधी बेंबीजवळ हर्निया असतो, आणि तो असेल तर त्याचा उपचार एनएचएसवर होऊ शकतो. महिलांच्या फिजिओथेरपीसाठी चिठ्ठीही तेव्हाच मागा. इथले बरेच जीपी आपणहून देत नाहीत, मागितली की देतात.