मदत हवी आहे : सनी पेन यांच्या निवेदनासह ‘किंग बिस्किट टाइम’ कुठे ऐकता येईल?

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या हेलेना गावच्या केएफएफए या रेडिओ केंद्रावर १९४१ साली पिठाच्या जाहिरातीसाठी सुरू झालेला ‘किंग बिस्किट टाइम’ हा ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकगीतांतून आलेल्या) संगीताचा कार्यक्रम सनी पेन यांनी १९५१ पासून २०१८ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळला, आणि माझ्या मते निवेदकाची एवढी निष्ठा दुर्मीळच.

मला त्यांचे जुने भाग निवेदनासकट ऐकायचे आहेत. यूट्यूबवर शोधले, संकलित अल्बमही ऐकले. परंतु त्यांत बहुतेक ठिकाणी केवळ गाणी आहेत आणि दोन गाण्यांमधले बोलणे कापलेले आहे. सध्याचे थेट प्रक्षेपण (आपल्याकडे रात्री पावणेअकरा, तिथल्या हिवाळ्यात पावणेबारा) मला नको आहे. ऐकणे केवळ अभ्यासासाठी आहे. रास्त शुल्क भरण्याची तयारी आहे, मात्र अनधिकृत प्रती नकोत.

असे संपूर्ण भाग भारतातून अधिकृतपणे ऐकू देणारा संग्रह किंवा ग्रंथालय कोणाला ठाऊक आहे का, आणि तिथे परवानगीसाठी अर्ज नेमका कोणाकडे करावा लागतो?