डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे सगळ्यांना दिसावं का?

रामबागकर
महिन्यापूर्वी बायकोने एका साइटवरून माहेश्वरी साडी मागवली. २,८५० रुपये आगाऊ भरले. साडी नाही आणि फोनही बंद. मालक शोधायला हूइज, म्हणजे डोमेन (साइटचं नाव) कुणी घेतलं त्याची जाहीर नोंदवही, उघडली, तर नावाच्या जागी ‘गोपनीयतेसाठी झाकलेले’. राजवाड्यापाशी दुकान टाकायचं तर गुमास्ता काढा, पाटी लावा. आणि नेटवर दुकान टाकणाऱ्याला बुरखा? हूइज ही १९८२पासूनची सोय. नाव, पत्ता, फोन कुणालाही दिसायचं. मे २०१८मध्ये युरोपात जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा लागू झाला आणि आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, सरसकट झाकायची मुभा दिली. कायदा त्यांचा, झाकण आपल्यावर!

सुदामानगरची चकलीवाली
दादा, पैसे गेले ते वाईटच. पण ती उघडी वही मी भोगली आहे. २०१६ साली फराळाच्या ऑर्डरींसाठी डॉट-कॉम घेतलं. पत्ता घरचा, नंबर माझा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन, “मॅडम, कल डोमेन लिया है ना, वेबसाइट बनवानी है?” आठवड्यात एकेचाळीस फोन मोजले. हात भाजणीत आणि मोबाइल खांद्यात धरलेला. मग एका रात्री कुणाचा तरी मेसेज, “घर पानी की टंकी के पास है क्या?” साइटवर मी फक्त चकल्यांचे फोटो टाकले होते.

रामबागकर
मग दुसरा पत्ता द्यायचा.

सुदामानगरची चकलीवाली
म्हणजे खोटा? चोरही तेच करतो.

जुना सर्व्हरवाला
ताई बरोबर बोलल्या. वही उघडी होती तेव्हाही ठग खरं लिहीत नव्हते. मी होस्टिंगमध्ये आहे. शहर मुंबई आणि पिनकोड आपल्या इंदूरचा, ४५२००१, अशाही नोंदी पाहिल्यात. आयकॅनच्या २०१३च्या करारापासून रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीला, १५ दिवसांत ग्राहकाचा ईमेल किंवा फोन पडताळावा लागतो, पण चालू ईमेल म्हणजे खरा माणूस नव्हे. शिवाय सगळं झाकलेलं नाहीच. हूइजच्या जागी आता आरडॅप आहे, त्यात डोमेन कधी घेतलं, कोणत्या रजिस्ट्रारकडून, तक्रार कुठे करायची हे दिसतं. ‘तीन पिढ्यांचं दुकान’ म्हणणारी साइट तीन आठवड्यांची निघाली तर आणखी काय हवं?

कोर्टाच्या कामाला जाणारी
खोट्या नोंदीही कामाच्या होत्या, सर्व्हरवाले. ठग आळशी असतो. तोच बनावट ईमेल वीस साइट्सना लावायचा आणि एक सापडली की बाकीच्या ओळीने हाती यायच्या. तो धागाच तुटला. नोव्हेंबर २०२३पासून झाकलेली माहिती मागायला आयकॅनची एक खिडकी आहे, पण तिथे रजिस्ट्रारने यायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. चकलीवाल्या ताईंचा पत्ता झाका, माझी हरकत नाही. पैसे घेणाऱ्या कंपनीचा का झाकता? आपल्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत कायदेशीर नाव आणि मुख्यालयाचा पत्ता साइटवरच द्यायला सांगितलंय.

सुदामानगरची चकलीवाली
पैसे तर मीही घेते हो. माझं मुख्यालय म्हणजे गॅसची शेगडी.

रामबागकर
आरडॅपवर पाहिलं. ऑर्डरच्या नऊ दिवस आधी घेतलेलं डोमेन. हे आधी बघायला हवं होतं, कबूल. पण तारीख दिसली, माणूस नाही दिसला. मी तिथेच आहे.