लोकवस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेल का भरायचं?

फ्यूजवाला: बाजारपेठेत, हॉस्पिटलच्या आवारात बसणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेल भरणं आता बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. हे तेल १६०-१७० अंशांच्या आसपास जळायला लागतं. नॅचरल एस्टर, म्हणजे सोयाबीनसारख्या बियांचं तेल, ३०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय जळत राहत नाही. महाग आहे, मान्य. आगीत गेलेल्या दुकानांचा हिशेब कोण मांडतो?

वायरमन अण्णा: कागदावर सगळं झकास! आमच्याकडे ब्रीदरमधली, म्हणजे टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली सिलिका जेल ओलाव्याने निळ्याची गुलाबी होऊन वर्ष उलटतं, कुणी ढुंकून बघत नाही. बियांच्या तेलाला सतत हवा लागली की ते घट्ट, चिकट होतं. खनिज तेल अशा हेळसांडीतही तग धरतं.

फ्यूजवाला: म्हणूनच टाकी सीलबंद हवी, अण्णा. आणि ओलाव्याचं म्हणाल तर खनिज तेलात साध्या तापमानाला ५०-६० पीपीएम (दहा लाखांत ५०-६० भाग) पाणी मुरतं, एस्टरमध्ये हजाराच्या घरात. कॉइलवर गुंडाळलेल्या इन्सुलेशनच्या कागदातला ओलावा ते ओढून घेतं. शेवटी ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे त्या कागदाचं आयुष्य.

तेल टेस्टिंगवाली: कागदाचं बरोबर आहे. पण जुन्या टाकीतलं तेल काढून एस्टर ओतायला निघालेल्यांनी जरा थांबावं. ४० अंशांवर खनिज तेलाचा दाटपणा साधारण १० सेंटीस्टोक, एस्टरचा ३५ च्या आसपास. रेडिएटरमधून ते हळू फिरतं, कॉइल जास्त तापते. शिवाय कागदात मुरलेलं जुनं तेल निघत नाही. ते ७ टक्क्यांच्या वर राहिलं की ज्या ३०० अंशांसाठी खर्च केला तेच घसरतात. तेलात विरघळलेल्या वायूंवरून आतला दोष ओळखायची तपासणी असते, तिच्यातही घोळ होतो. सोयाबीन तेल काही दोष नसताना इथेन सोडतं, मग खनिज तेलाच्या जुन्या तक्त्यावर बोट ठेवून लोक चांगलं यंत्र उघडतात. नवीन घेताना एस्टर जरूर घ्या, जुन्यात नको.

शिवारातला: आमच्या डीपीत तेल कोणतं हा प्रश्नच नाही, सकाळी ते शिल्लक आहे का ते सांगा! चोरलेलं तेल वेल्डिंग मशीनला खपतं म्हणे.

वायरमन अण्णा: आणि आत आर्क (विजेचा मोठा स्फुल्लिंग) झाला की टाकी फुटायची ती फुटतेच, तेल कुठलंही असो.

फ्यूजवाला: फुटेल, पण पेटती धार शेजारच्या दुकानात शिरणार नाही. तेवढ्याचसाठी भांडतोय.

वायरमन अण्णा: मग बसवा. पण आधी गळकं गॅस्केट बदलायला माणूस द्या. तीन गावं मिळून मी एकटाच आहे.