ऑटोवर फोटो धूसर येतो: ऑटो सोडायचं, की आधी फोटो नीट बघायचा?

शटरवाला_सातारा

कासच्या पठारावर फुलांचा हंगाम लागला की सोमवारी माझ्या स्टुडिओत कॅमेरे घेऊन माणसं येतात. रविवारी पठारावर जाऊन आलेली असतात. "दादा, लेन्स गेली वाटतं, सगळे फोटो ब्लर आलेत." लेन्स बहुतेक वेळा ठणठणीत असते. आणि त्यांना कुणीतरी आधीच सुनावलेलं असतं, की ऑटोवर कशाला काढता, मॅन्युअल शिका, म्हणजे सगळी सेटिंग स्वतः ठेवा. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. त्यावरच बोलायचंय.

फोटो कशामुळे बिघडला ते फोटोतच दिसतं, फक्त तो पूर्ण मोठा करून बघायला हवा. फूल, दगड, गवत सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय? हात हललाय. मागचा कातळ स्वच्छ आहे पण फूल तेवढं पुसल्यासारखं झालंय? वारा. फूल मऊ आणि त्याच्या मागचं गवताचं पातं लख्ख? कॅमेऱ्याने फोकस भलतीकडे धरला. सगळ्यावरच दुधाळ पडदा आहे? मग काच पुसा. गाडीत एसी लावून वर गेलात आणि गार कॅमेरा एकदम दमट धुक्यात बाहेर काढला की काचेवर दव धरतं, ते दहा-पंधरा मिनिटांत आपोआप जातं. ही चारही दुखणी वेगळी आहेत. सगळ्यांना "मॅन्युअल शिका" हे एकच औषध कसं चालेल?

परवा एका मुलीने सीतेची आसवे दाखवली. एवढंसं जांभळं फूल, केसासारख्या देठावर. दगडावरचं शेवाळ कणाकणाने दिसत होतं, पाकळ्यांच्या जागी मात्र जांभळा फराटा. माहिती उघडून बघितली: शटर १/६० (सेकंदाचा एवढा भाग पडदा उघडा राहिला), एफ ५.६ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक), आयएसओ २०० (उजेड टिपण्याची क्षमता; फार वाढवली की फोटोत दाणे दिसतात). धुक्यात उजेड कमी, कॅमेऱ्याने हात हलणार नाही एवढा वेग धरला आणि तिथेच थांबला. वाऱ्याचा त्याने विचारच केला नाही. डायल हिरव्या ऑटोवरून पी वर (शटर आणि छिद्र कॅमेराच ठरवतो, आयएसओ आपण) आणून आयएसओ १६०० केला असता तर त्याच उजेडात १/५०० मिळाला असता. पी हासुद्धा एक प्रकारे ऑटोच. त्यासाठी मॅन्युअल कशाला?

खानापूर_घाटमाथा

दादा, कारण ओळखायचं हे बरोबर, पण त्यावरून ऑटोची बाजू घेणं मला मान्य नाही. तुमच्याच उदाहरणात दोष ऑटोचाच निघाला की! उजेड किती आणि लेन्स किती मिलिमीटरवर आहे, म्हणजे झूम किती आहे, एवढंच तो प्रामुख्याने बघतो. समोर काय हलतंय याची त्याला फारशी फिकीर नसते.

मी बैलगाडी शर्यतींचे फोटो काढतो. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि मैदानं पुन्हा भरू लागली, तेव्हापासून आमच्या भागात प्रत्येक पोराच्या गळ्यात कॅमेरा आहे. हिशेब साधा आहे. छकडा सेकंदाला दहा मीटर पळतोय असं धरा. १/२५० मध्ये तो चार सेंटीमीटर पुढे जातो, १/१००० मध्ये एक सेंटीमीटर. बैलाचा पाय तर अंगापेक्षाही वेगाने फिरतो. आता ऑटो काय करतो? भर उन्हात उजेड भरपूर असूनही तो छिद्र बारीक करत एफ ९-१० वर जातो आणि शटर तीनशे-चारशेच्या आसपास ठेवतो. बैलाचं वशिंड दिसतं, खूर दिसत नाहीत, हाकणाऱ्याचा चेहरा मेणासारखा.

आणि तुमचा पी चा उपायही अर्धाच आहे. आयएसओ वाढवला म्हणजे पी शटरच वाढवेल याची खात्री काय? ढग सरला की तो निम्मा फायदा छिद्र बारीक करण्यात घालवतो. त्यापेक्षा डायल एस किंवा टीव्ही (Tv) वर ठेवा, म्हणजे शटर आपण ठरवायचा आणि छिद्र कॅमेरा बघतो: शटर १/१०००, आयएसओ ऑटो, फोकस सतत पाठलाग करणारा. पोरांना हे मी मैदानाच्या कडेला उभ्या-उभ्या शिकवतो. पहिल्याच दिवशी शिकवायला पाहिजे, ऑटोची सवय लागायच्या आधी.

शटरवाला_सातारा

मैदानाचं तुमचं खरं आहे. पण कासला जाणारी बाई मैदानात उभी नसते. तिला सकाळी फूल, दुपारी ठोसेघरचा धबधबा आणि संध्याकाळी घरच्या गणपतीची आरती काढायची असते. सकाळचा १/१००० तसाच राहिला, की आरतीला एकतर फोटो काळाकुट्ट नाहीतर आयएसओ पार टोकाला जाऊन चेहऱ्यावर नुसते दाणे. मॅन्युअलचं त्याहून वाईट: रात्री ठेवलेला १/३० दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच, आणि अख्खी सहल हललेली. असे कॅमेरे माझ्याकडे येतात, म्हणून सांगतोय. सेटिंग बदलायचं लक्षात ठेवणं हीच मोठी शिकवण आहे, ती पहिल्या दिवशी जमत नाही.

आणि तुमच्याच मैदानातलं एक सांगतो. एप्रिलची दुपार, नांगरलेलं रान, लांबून २५० मिलिमीटरवर काढलेला फोटो. शटर चांगला १/२०००. तरी बैलांचे पाय पाण्यात बघितल्यासारखे लहरत होते. ज्याने काढला त्याने आणखी वेग वाढवला, लेन्स बदलायचंही मनात आणलं होतं. दोष तापलेल्या हवेचा. जमिनीवरून उठणाऱ्या झळा मधे होत्या. तिथे १/४००० लावूनही काही होत नाही. आधी फोटो बघायचा म्हणतो तो याचसाठी.

खानापूर_घाटमाथा

झळांचं शंभर टक्के मान्य. त्यावर जवळ जाणं किंवा शर्यतीत सकाळी पळणाऱ्या गटांचे फोटो काढणं हाच इलाज. पण शटर कमी की हवा खराब, हा प्रश्न तरी कुणाला पडेल? ज्याला शटर म्हणजे काय ते ठाऊक आहे त्यालाच ना? हिरव्या डायलवर वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला तो १/६० चा आकडा दाखवलात तरी त्याला काय बोध होणार? आकडा स्वतः ठेवला की आकडा समजतो.

मिरजेची_सून

तुम्ही दोघंही डायल धरून बसलात. माझ्या हातात मोबाइल आहे, त्याला डायलच नाही.

आमच्या घरी तंबोरे बनतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लांबलांबून लोक घडणीचे फोटो मागतात. ते काढायचं काम माझ्याकडे. सासरे जवारी काढतात, म्हणजे घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून तिच्यावर तार अशी टेकवतात की सूर भरून वाजावा, मग तारेखाली दोरा सरकवत कानाने जागा शोधतात. तो दोरा, ती तार आणि त्यांचं बोट, एवढंच मला हवं होतं. फोन अगदी जवळ नेला की चित्र जरासं उडी मारतं आणि फोटो मऊ, चिखलासारखा येतो. ती उडी म्हणजे फोनने मुख्य कॅमेरा सोडून रुंद भिंगाचा कॅमेरा घेतला. मुख्य भिंगाला इतक्या जवळचं दिसतच नाही. दोन वीत मागे सरून दोन एक्सवर काढला की दोऱ्याचा पीळसुद्धा दिसतो. हे कुठलं सेटिंग नाही, फक्त मागे सरणं आहे.

दुसरं, उजेड. कामाची खोली आत आहे, वर एक ट्यूब. तिथे फोन १/२० वर जातो आणि सासऱ्यांचा हात काही माझ्यासाठी थांबत नाही. नाइट मोड लावला तर आणखीच वाईट, कारण तो बरेच फोटो एकावर एक रचतो आणि तेवढ्या वेळात हात कुठल्या कुठे गेलेला असतो. मग मी त्यांना दारात बसायला सांगितलं. तोच फोन, तोच ऑटो, आणि बोटावरच्या रेषा दिसल्या. म्हणून मला वाटतं, फोटो मोठा करून बघणं काय किंवा शटर शिकणं काय, दोन्ही नंतरचं. आधी उजेडात या. आणि भिंग पुसा. आमच्याकडे तंबोऱ्याच्या भोपळ्याची भुकटी आणि चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) हात सगळीकडे असतो, फोनच्या काचेवर तर हमखास. सुती मऊ फडक्याने पुसलं की अर्धं धुकं तिथेच जातं.

जाता जाता: फोनमध्ये फोटो चांगला दिसतो आणि समोरच्याला धूसर, असं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपने तो दाबून छोटा केलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

माणदेशी_पाखरू

ताई, दारात बसायला तलावावरचं पाखरू कसं सांगणार? मी मायणीला पक्षी बघतो आणि माझं मत खानापूरकरांकडे. एक गैरसमज मात्र इथेच निस्तरायला हवा. लेन्सवर आयएस किंवा व्हीआर लिहिलंय म्हणून फोटो हलणार नाही, असं दुकानात सांगतात. ती सोय आपला हात सावरते, पक्ष्याचे पंख नाही. बसलेल्या बगळ्याला १/१२५ वरही ती उपयोगी आहे, उडालेल्या बगळ्याला शून्य.

शिवाय पूर्ण ऑटोत बऱ्याच कॅमेऱ्यांवर फोकसचा ठिपका आपल्याला निवडता येत नाही. जे जवळ आणि ठळक, ते कॅमेरा धरतो. मग पुढचं पाणगवत लख्ख आणि मागचा पक्षी धूसर. शटरवाला दादांनी पी सुचवला तो मला या एका कारणासाठी पटतो, की तिथे मधला एकच ठिपका ठेवता येतो. तेवढ्याने माझे कितीतरी फोटो वाचतात.

मिरजेची_सून

पाखराला दारात बसवता येत नाही हे खरंच. पण सूर्य पाठीशी घेऊन उभं राहणं तर आपल्या हातात आहे ना? शटर वाढवायला उजेड लागतोच. तो नसेल तर तुमचा एस मोड तो आणणार कुठून? आयएसओ वाढवून फक्त दाणेच येणार.

खानापूर_घाटमाथा

येऊ देत दाणे! याबाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही. दाणे नंतर संगणकावर, हल्ली तर फोनवरही, बऱ्यापैकी काढता येतात. हललेला खूर कुठल्याही सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही, ते अंदाजाने काहीतरी रंगवून देतं. आयएसओ ३२०० ला घाबरून लोक १/१०० वर बसतात आणि अख्ख्या मैदानाचे फोटो घालवतात. छापायला दिलेल्या फोटोत दाणे सहसा कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

शटरवाला_सातारा

दाण्यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, मी स्वतः छापतो म्हणून छातीठोक सांगू शकतो. माणदेशी, मधल्या ठिपक्याचं तुम्ही लिहिलंत ते मीच आधी लिहायला हवं होतं, कासच्या बारक्या फुलांना त्याची सर्वांत जास्त गरज. ताई, उजेडाचं पटलं, पण पठारावर पायवाट सोडून फुलांत शिरायचं नाही. जिथे उभे आहोत तिथूनच काढायचं, मग उजेडाची बाजू नेहमी मिळत नाही. अशा वेळी मी लोकांना एवढंच सांगतो: बटण अर्धं दाबून फोकस धरा, वाऱ्याची झुळूक ओसरेपर्यंत थांबा, आणि एक नको, सलग चार-पाच काढा. हे हिरव्या ऑटोतही जमतं.

खानापूरकर, पहिल्या दिवशी एस मोड हे मला अजून पटलेलं नाही. त्या मुलीला मी पी च शिकवला.

खानापूर_घाटमाथा

शिकवा. पण तिला जोरात वाहणारं पाणी किंवा पळणारं जनावर काढायचं असेल, तर त्या दिवशी डायल एक घर पुढे सरकवायला सांगा. आणि एसवर छिद्राचा आकडा लुकलुकायला लागला तर घाबरू नको म्हणावं, कॅमेरा उजेड पुरत नाही एवढंच सांगतोय. आकडा थांबेपर्यंत शटर खाली आणायचं.