'चतकोर' म्हणजे नेमकं केवढं?

पाचपाखाडी, ठाणे
काल रात्री जेवताना सासूबाई माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला म्हणाल्या, "अगं, चतकोर तरी घे." लेकीने विचारलं, चतकोर म्हणजे किती? मी म्हटलं, पाव. तर म्हणे, पाव नको, पोळीच दे. नवरा मदतीला धावला, "अगं, क्वार्टर!" त्यावर सासूबाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की माझं लक्ष तिकडे गेलं आणि तव्यावरची पोळी करपली.

तर प्रश्न असा. चतकोर म्हणजे बरोबर पाव पोळी, की नुसतं 'थोडीशी'? आणि हा शब्द पोळी-भाकरीलाच का? चतकोर केक, चतकोर पिझ्झा कोणी म्हणत नाही.

नौपाडा
चत म्हणजे चतुर्, चार. कोर म्हणजे कड, कडेचा तुकडा. चंद्राची कोर तीच. म्हणजे चौथा तुकडा, आणि माझ्या मते त्याला एक बाजू वाटोळी हवी. म्हणून वडीची चतकोर होत नाही. पिझ्झा गोल असतो, त्याची व्हायला हरकत नव्हती, पण तो आठ तुकडे होऊन येतो. त्याला नितकोर म्हणा! आमच्या घरी चतकोरच्या अर्ध्याला नितकोर म्हणत. "नितकोर वाढ" म्हणजे पोट भरलंय, पण ताकभात येईपर्यंत हात रिकामा नको.

नेरूळ
आजी पोळी तव्यावरून काढली की तूप लावून चौघडी करूनच वाढायची. पानात उलगडली की घड्यांच्या रेषा आयत्या पडलेल्या असत, त्यावरून फाडली की चार चतकोर. मला वाटतं घडीची पोळी हे नाव त्यावरूनच आलं.

नौपाडा
नाही हो ताई. घडीच्या पोळीची घडी कच्ची असतानाच होते. लाटी थोडी लाटायची, तेल आणि वर पिठी लावायची, अर्ध्यात दुमडायची, पुन्हा तेल-पिठी, पुन्हा दुमड. त्रिकोण झाला की कडेने लाटत गोल करायचा. तव्यावर आतल्या पाण्याची वाफ होते, तेलामुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून सुटतात. फुलक्यात घडी नाही. दोन्ही बाजू तव्यावर जेमतेम धरल्या की थेट आचेवर टाकायचा, वाफ अडकते आणि तो टम्म फुगतो. आजींची चौघडी ही वाढण्याची रीत. दोन्ही घड्या खऱ्या, पण नाव पहिलीचं.

ऐरोली
आधी एक सांगते, आम्ही साताऱ्याकडचे. आमच्यात पोळी म्हटलं की पुरणाची. रोजची ती चपाती. लग्न होऊन इकडे आले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "थांब, दोन पोळ्या टाकते." मी मनात म्हटलं, आज कसला सण? आणि पानात आली चपाती. हिरमोड झाला तो अजून आठवतो.

आता चतकोर. तुम्ही सगळे हे वाढताना म्हणताय, लाडाने. आमच्या घरी हा शब्द पोटभर जेवताना कधीच नव्हता. "चतकोर भाकरीवर दिवस काढला", "दारावर आलेल्याला चतकोर कुटका दिला", "कोरभर भाकरीला महाग". आजोबा वाशीच्या मार्केटला माथाडी होते, पहाटे फडक्यात बांधून नेलेल्या भाकरीतली चतकोर दुपारपर्यंत राखून ठेवत. माझ्या मुलाला मी "चतकोर घे" म्हणत नाही, "अर्धी घे" म्हणते. जीभ वळत नाही.

सानपाडा
पोळी की चपाती निघालंच आहे तर, जुनं काय? चपाती परप्रांतीय ना?

नौपाडा
हा वाद इथे नको, दोन ओळींत संपवतो. 'मानसोल्लास' या १२व्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात पोलिका आहे, आणि निखाऱ्यावर भाजलेली अंगारपोलिकाही. चपाती १६व्या शतकाच्या अखेरीस 'आइन-इ-अकबरी'त आहे; तव्यावरच्या पातळ रोट्या एका शेरात १५ होतात असा हिशेबही दिलाय. चारशे वर्षं राहिलेल्याला परप्रांतीय कोण म्हणतं?

घणसोली
आमच्या आगरी घरात मोजमापच नाही. तांदलाची भाकर (आजी ळ म्हणत नसे) आणि म्हावऱ्याचं कालवण, किती खाल्ल्या ते उठताना कळतं. पण ही भाकरी हाताला सोपी नाही. तांदळाला गव्हासारखा चिवटपणा नाही, म्हणून उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, गरम असतानाच मळायची, मग पाण्याच्या हाताने थापायची. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवायचं, नाहीतर चिरा पडतात. पीठ जुनं झालं, त्याची विरी (एकजीव धरून राहण्याचा गुण) गेली, तर थापतानाच तुटते. तेव्हा चतकोरच काय, नितकोरही आपोआप होतात!

सानपाडा
भाकरी फिरवायची वेळ आली म्हणायचं.

नौपाडा
२०२३ मध्ये शरद पवार ते बोलले तेव्हापासून त्याला नेते बदलणं एवढाच अर्थ उरलाय. मूळ जुनं कोडं: भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हीचं उत्तर एक, न फिरवल्याने. राजकारण इथेच थांबवा.

पाचपाखाडी, ठाणे
सगळ्यांचे आभार. पाचपाखाडीत काल पोळी करपली तीही न फिरवल्यानेच, हे आता कळलं.

आज मुद्दाम चौघडी करून वाढली. लेकीने रेषांवरून फाडून तीन खाल्ल्या आणि म्हणाली, "पाऊण झाली, चतकोर आजीची."

ऐरोलीच्या ताईंनी लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या नगरकडच्या. आधी काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ७२च्या दुष्काळात मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी होती, चार भावंडांत एक. त्यांची आई ती परातीत ठेवून सुरीने कापायची, हाताने तोडायची नाही, कमी-जास्त होईल म्हणून. "बरोबर पाव," म्हणाल्या, "एक कणही इकडेतिकडे नाही." आणि लेकीने ठेवलेली चतकोर उचलून तिच्याच पानात टाकली.