मदत हवी: श्टुटगार्टमध्ये आनमेल्डुंग अडकलंय, पगार तोंडावर आलाय

नवा_फॉयरबाखकर
नमस्कार. घरमालक आनमेल्डुंगसाठी (राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीसाठी) लागणारं, मी इथं राहतो असं पत्र देत नाही. येऊन तीन आठवडे झाले. एचआर रोज टॅक्स आयडी मागतंय. आरोग्य विम्याचं कार्डही अजून आलेलं नाही. काय करू? लवकर सांगा, प्लीज.

चिंचवडचा_गडी
देत नाही म्हणजे नेमकं काय म्हणतो? करार लेखी आहे का? राहायला आल्यापासून २ आठवड्यांत नोंदणी करायची असते, तेव्हा ब्युर्गरब्युरोची (नोंदणी करणाऱ्या नागरी कार्यालयाची) अपॉइंटमेंट तरी घेतली आहे का?

नवा_फॉयरबाखकर
पत्राशिवाय अपॉइंटमेंट घेऊन काय उपयोग, म्हणून घेतली नाही. करार लेखी आहे. तो म्हणतो, "मूळ मालकाला कळलं तर मला घर सोडावं लागेल."

चिंचवडचा_गडी
मूळ मालक? म्हणजे तुम्ही पोटभाडेकरू आहात! हे आधी सांगायचं ना.

नवा_फॉयरबाखकर
हो. तीन खोल्यांच्या घरात एक खोली. आपल्याकडचाच मुलगा आहे, ऑफिसातल्या ओळखीतून मिळाली. डिपॉझिट रोख दिलंय.

कृष्णाकाठ
मग मूळ मालकाची सही लागेल. त्याच्याकडेच जा.

नेकारकाठची
नाही हो, चुकीचं सांगू नका. ज्यानं तुम्हाला खोली दिली त्याचीच सही चालते, म्हणजे मुख्य भाडेकरूची. मालकाची परवानगी न घेता पोटभाडेकरू ठेवला असेल, तर तो त्या दोघांमधला प्रश्न. मीही बाड कानश्टाटला दीड वर्ष अशीच राहिले, माझं पत्र मुख्य भाडेकरूनंच दिलं होतं.

कृष्णाकाठ
बरं. पण एवढी डोकेफोड कशाला? एखाद्या मित्राच्या पत्त्यावर नोंदणी करून टाका. खूप जण करतात.

नेकारकाठची
कृपया हे करू नका. जिथं राहत नाही तिथला पत्ता नोंदणीसाठी देऊ करणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मदत करणाऱ्या मित्रालाच आपण खड्ड्यात घालतो.

काकू_बोब्लिंगन
अरे बाळा, घरून कुणी येणार असेल तर आत्ताच कळव. तूप, पेढे, पनीर काही आणू देऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, माझं दोन किलो साजूक तूप विमानतळावरच गेलं. इंडक्शन असेल तर स्टीलचा कुकर मागव, साधा ॲल्युमिनियमचा त्यावर तापत नाही. मिक्सर मात्र खुशाल आणू दे. इथंही २३० व्होल्टच, फक्त पिनेला अडॅप्टर लागतो.

चिंचवडचा_गडी
काकू, त्याचं पत्र अडकलंय.

काकू_बोब्लिंगन
वाचलं रे मी. तीन आठवडे नुसत्या ब्रेडवर काढले असतील पोरानं, म्हणून लिहिलं. आणि जिन्याच्या केरवोखंची (आठवड्याच्या सफाईच्या पाळीची) पाटी दारावर लागली की त्या आठवड्यात जिना झाडायचा हं. इथले श्वाबेन लोक त्याबाबतीत फार काटेकोर.

नवा_फॉयरबाखकर
धन्यवाद काकू. पण पगाराचं काय? टॅक्स आयडी नसेल तर निम्मा पगार कापतात म्हणे.

नेकारकाठची
निम्माच असं नाही, पण सहाव्या, म्हणजे सर्वात जास्त कापणाऱ्या कर-वर्गात टाकलं तर बराच कापला जातो. एचआरला लेखी कळवा की नोंदणी अडकली आहे, त्यात माझा दोष नाही. अशा वेळी कंपनीला ३ महिन्यांपर्यंत अंदाजे कर-वर्ग धरून पगार काढता येतो. जास्त कापला गेला तरी नंतर हिशेब होऊन परत मिळतो. टॅक्स आयडीचा ११ आकडी नंबर नोंदणी झाल्यावर पोस्टानं आपोआप येतो, त्यासाठी वेगळा अर्ज नको.

आता त्या मुलाचं. आधी आजच अपॉइंटमेंट घ्या आणि तिची पोच जपून ठेवा. मग त्याला ईमेल करा, फोन नको: अमुक तारखेपर्यंत पत्र दे, नाही मिळालं तर तसं ब्युरोला कळवणं कायद्यानं मला भाग आहे. हे खरंच आहे. पत्र मिळालं नाही तर भाडेकरूनं लगेच कळवायचं असतं, मग ब्युरो त्याला विचारतं. पत्र न देणाऱ्याला १,००० युरोपर्यंत दंड आहे.

चिंचवडचा_गडी
आणि डिपॉझिट रोख दिलंत त्याची पावती? ईमेलमध्ये रक्कम आणि तारीख लिहून त्याच्याकडून "मिळाली" असं उत्तर घ्या. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेही तीन हप्त्यांत द्यायची मुभा असते.

नवा_फॉयरबाखकर
पावती नाही. आपलाच माणूस म्हणून मागायला संकोच वाटला.

(दोन दिवसांनी)

नवा_फॉयरबाखकर
ईमेल केला. रात्री तो स्वतःच खोलीत आला, सही करून पत्र दिलं, डिपॉझिटचंही लिहून दिलं. म्हणाला, मालकाला मीच सांगतो. अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी. नेकारकाठची ताई, फार आभार. फक्त विम्याचं कार्ड अजून नाही. विमा कंपनी म्हणते पाठवलं होतं, परत आलं.

नेकारकाठची
खालच्या पत्रपेटीवर तुमचं आडनाव आहे का?

नवा_फॉयरबाखकर
नाही, त्याचंच आहे.

नेकारकाठची
मग पोस्टमन टाकणारच नाही. टॅक्स आयडीचं पत्रही असंच परत जाईल.

नवा_फॉयरबाखकर
चिठ्ठी लिहिली, टेप घेऊन खाली चाललोय.