वेस्ट साइड स्टोरी: जुना १९६१चा की स्पीलबर्गचा? घरात वाद झालाय, मतं द्या

मानसी_कर्वेनगर
शनिवारी रात्री आईबाबांना स्पीलबर्गचा २०२१चा वेस्ट साइड स्टोरी लावून दिला, न्यूयॉर्कमधल्या दोन टोळ्यांच्या भांडणात सापडलेल्या टोनी आणि मारियाच्या प्रेमाचा तो गाण्यांचा पिक्चर. बाबांनी जुना पिक्चर कॉलेजात असताना कॅम्पात मोठ्या पडद्यावर बघितलेला, त्यातल्या गाण्यांच्या चाली त्यांना अजून पाठ आहेत, म्हणून मला वाटलं खूश होतील. पण ते अर्ध्यातून उठून झोपायला गेले. म्हणाले सगळं चकचकीत आहे पण जीव नाही, आणि तो टोनी तर नुसता उंच आहे. मला मात्र नवाच जास्त आवडला आणि बाबांना ते नीट सांगताच आलं नाही याचं वाईट वाटतंय. ज्यांनी दोन्ही बघितलेत त्यांनी प्लीज लिहा, तुम्हाला काय वाटलं आणि का?

टिळकरोड_जुना
मानसी, तुझ्या बाबांच्या बाजूने बोलतो. जुना पिक्चर ७० एमएमवर शूट केलेला, सुरुवातीला वरून, थेट आकाशातून मॅनहॅटन दिसतं आणि मग टोळीतल्या पोरांच्या त्या चुटक्या, ते मोठ्या पडद्यावर ज्याने अनुभवलंय त्याला टीव्हीवर काहीही दाखव, कमीच वाटणार. नाच जेरोम रॉबिन्सचे, १९५७चं मूळ ब्रॉडवे नाटकही त्यानेच बसवलेलं. इतकी रिटेक घ्यायचा की बजेट वाढत गेलं आणि मधेच त्याला शूटिंगवरून काढलं, पुढचं रॉबर्ट वाइजने पूर्ण केलं, तरी दिग्दर्शनाचं ऑस्कर दोघांना मिळून मिळालं. एकूण १० ऑस्कर. आणि अमेरिका हे गाणं रात्री गच्चीवर, बायका एका बाजूला पुरुष दुसऱ्या बाजूला, अक्षरशः सवालजवाब! नव्यात तेच दिवसाढवळ्या रस्त्यावर नेलंय, रंग भरपूर आहेत पण ती समोरासमोरची चुरस पातळ झाली असं माझं प्रामाणिक मत. टोनीबद्दल बाबांशी सहमत.

ओन्ली_सिनेमा_पुणे
काका, सवालजवाब पटलं, पण गच्चीवर नाचणाऱ्यांचे चेहरे पण बघा ना. ही गोष्ट प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या लोकांची आणि मारियाचा भाऊ बर्नार्डो झालेला जॉर्ज चकिरिस ग्रीक वंशाचा, त्याला तपकिरी मेकअप फासलाय. त्याची मैत्रीण अनिता झालेली रिटा मोरेनो स्वतः प्वेर्तो रिकोची, तर तिलाही तोच गडद रंग लावला, तिने नंतर मुलाखतींमध्ये याबद्दल सांगितलंय. दोघांनाही ऑस्कर मिळालं आणि कामं सुंदरच आहेत, पण आता बघताना तो रंग डोळ्याला टोचतो. स्पीलबर्गने लॅटिनो नट घेतले, स्पॅनिश संवाद तसेच ठेवले आणि खाली सबटायटल मुद्दाम दिले नाहीत. काही जणांना राग आला याचा, मला नाही. आपल्याकडे बसमध्ये शेजारचे दोघं कानडीत भांडत असले तरी कळतंच की काय चाललंय. शिवाय नवा पिक्चर सुरूच होतो पाडापाडीने, झोपडवस्ती पाडून तिथे लिंकन सेंटर हे नाटक-संगीताचं मोठं संकुल उभं राहणार असा बोर्ड दिसतो. म्हणजे ही पोरं ज्या गल्लीसाठी एकमेकांना भोसकतायत ती गल्लीच राहणार नाहीये. हे कळल्यावर मारामारी बघताना पोटात तुटतं.

सूर_लागला
मी गाणं शिकवते त्यामुळे माझा मुद्दा आवाजाचा. जुन्यात मारिया म्हणजे नॅटली वूड, पण गळा मार्नी निक्सनचा, टोनीचा पण गळा दुसऱ्याचाच. आपल्याला प्लेबॅकचं काहीच वाटत नाही, उलट गाणारी आपल्याकडे हिरॉइनइतकीच मोठी. पण तिथे निक्सनचं नाव पडद्यावर आलंच नाही. नॅटली वूडने गाणी रेकॉर्ड केलेली आणि आपलाच आवाज ठेवणार असं तिला वाटत होतं. दोघींवर अन्याय, मला तर दोघींसाठी वाईट वाटतं. शेवटी संगीतकार बर्नस्टाईनने स्वतःच्या रॉयल्टीतला छोटा हिस्सा निक्सनला दिला. नव्यात मारिया झालेली रेचल झेग्लर स्वतः गाते आणि फरक लगेच कळतो, बाल्कनीतल्या गाण्यात बोलता बोलता श्वास सुरात मिसळतो, बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते सापडत नाही. आपल्या संगीत नाटकात नट स्वतः गायचे तेव्हा पद असंच संवादातून वर यायचं, ते ज्याने बालगंधर्वला बसून ऐकलंय त्याला हे नक्की आवडेल. मानसी, बाबांना नाट्यसंगीत आवडत असेल तर तिथून सुरुवात कर.

अजून एक. जुन्यातली अनिता म्हणजे मोरेनो, नव्यात तीच दुकानदाराची विधवा व्हॅलेंटिना झालीये. दुकानात पोरं अनितावर तुटून पडतात तो सीन आठवा, १९६१ला त्या पोरांच्या मधे मोरेनो होती. आता तीच नव्वदीला टेकलेली बाई दारातून आत येते आणि त्यांना थांबवते, आणि वाचलेली अनिता म्हणजे अरियाना डिबोस, जिला मोरेनोसारखंच त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. मी हे बघताना रडले. समव्हेअर, म्हणजे कुठेतरी आपल्यासाठी जागा असेल असं म्हणणारं गाणं पण प्रेमिकांकडून काढून त्या म्हातारीला दिलंय. तिचा आवाज कापतो, पण इतकी वर्षं त्या शहरात काढलेल्या बाईने एखादी जागा मागणं आणि विशीतल्या जोडीने मागणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

टिळकरोड_जुना
हे मला लक्षातच आलं नव्हतं ताई. तो सीन परत बघतो. गच्चीबद्दल मात्र मत तेच.

मानसी_कर्वेनगर
सगळ्यांना मनापासून थँक्यू. मगाशी सूर_लागला यांचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते उठून गेले तेव्हा मारामारी पण झाली नव्हती, त्यामुळे शेवटचा भाग त्यांनी बघितलाच नव्हता आणि ती दुकानातली आजी म्हणजे मोरेनो हे त्यांना माहीतच नव्हतं. दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले लाव, पण पहिल्यापासून लाव. आई चहा टाकतेय.